माझ्या पाठीवरचा हिरवा स्टिकर

मी एक जुना हीटर आहे आणि माझ्यामुळे एक बाई भाजली. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही माझ्या जन्माची गोष्ट कौतुकाने ऐकाल आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या कामगार बायकांपैकी एकीने जाळी बसवली, दुसरीने वायर जोडली, तिसरीने तळाशी एक बटण बसवलं. हे बटण नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. मी उभा असेन तोवर ते माझ्या वजनाने दबलेलं राहतं. मी आडवा पडलो, की आतली स्प्रिंग ते बाहेर ढकलते आणि वीज बंद होते. म्हणजे मी पडलो तरी कुणाला भाजायला नको. पण माझी स्प्रिंग लांबीला जरा कमी होती. बटण बाहेर ढकलण्याएवढा जोरच तिच्यात नव्हता. मला ते पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. पोटात काहीतरी सैल आहे, एवढं तर कुणालाही कळतं.

रांगेच्या टोकाला एक तपासणीस बाई उभी असायची. प्रत्येक हीटर चालू करायचा, आडवा करायचा, विझला तर पाठीवर 'तपासले' असा हिरवा स्टिकर लावायचा, हे तिचं काम. त्या दिवशी माल भरायला गाडी येऊन उभी राहिली होती. मुकादम ओरडला, "अहो बाई, दहात एक उलटवा, बाकीच्यांना नुसतं चिकटवा!" मी सातवा होतो. तिने मला उचललं, गाडीकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "जा बाबा, सुखाने जा." आणि स्टिकर लावला.

मला काय वाटलं असेल, सांगा बरं? भीती? छे! मी तर हुरळून गेलो. पाठीवर हिरवं काहीतरी चमकत होतं, मग पोटातल्या सैल स्प्रिंगची आठवण कशाला ठेवायची?

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. त्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि मागच्या खोलीत त्यांची बायको शिवणकाम करायची. वकिलांचे काळे कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. थंडीत तिची बोटं आखडायची आणि काजं वाकडी व्हायची, म्हणून मला आणलं होतं. घड्याळजींना मोडकी वस्तू दिसली की ती उघडल्याशिवाय चैन पडत नसे, पण नव्या कोऱ्या वस्तूला ते कशाला हात लावतील? तेही माझा स्टिकर बघूनच खूश झाले.

दोन हिवाळे मी मन लावून ऊब दिली. बाई काजं करताना मधूनच माझ्यासमोर बोटं धरायची आणि म्हणायची, "अहो, ऐकलंत का, यंदा माझी बोटं सुतासारखी सरळ चालताहेत!" पुढच्या खोलीतून घड्याळजी म्हणायचे, "आता जीभही जरा सरळ चालव." मग ती हातातला चिंधीचा बोळा त्यांच्या दिशेने फेकायची. त्या घरात मला मानाची जागा होती.

आणि मग ती दुपार आली. त्यांची आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ जमिनीवर बसून गणितं सोडवत होती. बाईने मशीनखालचं कापड ओढलं. त्याचं टोक माझ्या पायात अडकलं होतं आणि मी मुलीच्या बाजूला कलंडलो. मित्रांनो, तेव्हा मी विझायला हवं होतं. मी बटणाला हजार वेळा म्हटलं, सूट, अरे, सूट! ते जागचं हललं नाही. कापडाने पेट घेतला. बाईने मुलीला ढकलून दिलं आणि माझी लालबुंद जाळी उजव्या हाताने पकडून मला बाजूला फेकलं. "भिंतीवरचं बटण बंद कर!" ती ओरडली. मुलीने ते केलं, तेव्हा कुठे मी विझलो. घड्याळजी डोळ्यावरच्या भिंगासकट धावत आले आणि त्यांनी पेटतं कापड तुडवून विझवलं. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

मग त्या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. जो तो दोष स्वतःकडे ओढू लागला. बाई म्हणायची, "मीच कापड ओढलं, मेलीने." घड्याळजी म्हणायचे, "सगळ्या गावाची यंत्रं उघडतो आणि घरातलं एक उघडून बघितलं नाही." मुलगी माझ्यापासून चार हात लांब बसायची. खरा गुन्हेगार मी, कोपऱ्यात काळवंडून उभा होतो, आणि मला कुणी एक शब्द बोलत नव्हतं. कुणीतरी मला लाथ घालायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी घड्याळजींनी मला टेबलावर घेतलं. हातून दुसरं काही होत नसलं की त्यांना दुरुस्ती सुचायची. त्यांनी माझी आखूड स्प्रिंग काढली, घड्याळाच्या सामानातली चांगली बसवली, मला आडवं केलं, आणि मी पटकन विझलो. ते तिथेच बसून रडले.

घडलेलं सगळं घड्याळजींनी दुकानदाराच्या कानावर घातलं होतं. पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस नवा कोरा हीटर घेऊन आला. "वहिनी, जुना आम्हाला द्या, नवा ठेवून घ्या. फक्त इथे सही करा." तक्रार नाही, असं त्या कागदावर लिहिलं होतं. बाईने पट्टी बांधलेला हात दाखवला. तो म्हणाला, "डाव्या हाताचा अंगठाही चालेल."

"अंगठा?" बाई उसळली. "मी शिकलेली आहे हो! हात बरा झाला की वाचून, समजून सही करीन. तोवर या."

त्या रागाने आमचं नशीब वाचवलं. दुसऱ्याच दिवशी शिवायला दिलेला कोट न्यायला एक वकीलबाई आल्या. कोट अर्धवट राहिलेला, हात पट्टीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, कशावरही सही करू नका. कारखाना आणि दुकानदार, दोघांवरही ग्राहक न्यायालयात दावा लावता येतो. त्यांच्या मनात वाईट होतं, हे दाखवायची गरज नाही. वस्तूत खोट होती आणि त्या खोटीमुळे इजा झाली, एवढं दाखवलं की झालं. पावती, खोकं, डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. तक्रारीला मुदत असते, तेव्हा उशीर नको. आणि हीटरला कुणीही हात लावू नका. तोच तुमचा साक्षीदार."

घड्याळजी चाचरत म्हणाले, "मी... मी त्याची स्प्रिंग बदलली."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही पुरावाच दुरुस्त केलात!"

बायकोच्या हाताचा न्याय आपल्याच हाताने घालवला, असं घड्याळजींना वाटलं. मग ते एकदम उठले, त्यांनी ड्रॉवर उपसला आणि बोटभर कागदाची पुडी घेऊन आले. त्यांच्या धंद्यात काढलेला भाग टाकत नाहीत. माझा जुना पार्ट कुठाय, असं गिऱ्हाईक विचारतं, म्हणून तो पुडीत बांधून वर तारीख आणि वस्तूचा नंबर लिहून ठेवतात. हाताला सवयच ती. माझी आखूड स्प्रिंग त्या पुडीत होती.

पुढे नोटीस गेली, तारखा पडल्या. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "ही स्प्रिंग याच हीटरची कशावरून?" तेव्हा न्यायाधीशांनी पुडी हातात घेऊन मोठ्याने वाचली. तारीख. माझा नंबर. आणि खाली, 'गिऱ्हाईक: बायको.' लोक हसले. बाईने मात्र पदराने डोळे पुसले.

न्यायालयाने मला एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे ती स्प्रिंग माझ्यात परत बसवली, मला चालू केलं आणि आडवं केलं. मित्रांनो, माझ्या जन्मजात स्प्रिंगची ही पहिली परीक्षा. कारखान्यात व्हायची ती बाईचा हात जळल्यावर झाली. मी धगधगतच राहिलो, नापास झालो. दुकानातून आणलेल्या माझ्या दोन भावांच्या पोटातही तशीच आखूड स्प्रिंग निघाली. निकाल बाईच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली आणि माझ्याबरोबर बनलेले सगळे हीटर परत मागवण्याचा हुकूम झाला.

पण बाईची दोन बोटं वाकडीच राहिली. त्यांना कुठलं न्यायालय सरळ करणार? ती आता डाव्या हाताने कापड बेतते आणि काजं करायला दुसरीला देते. खटला संपून मी घरी परत आलो, तेव्हा घड्याळजींनी विचारलं, "याला भंगारात देऊ का?" ती म्हणाली, "राहू दे हो. त्याची काय चूक?" ते ऐकून मला भट्टीत वितळून जावंसं वाटलं.

परवा मुलगी बापाबरोबर नवा हीटर घ्यायला गेली होती. घरी आल्या आल्या आईला सांगत होती, "मी म्हटलं, काका, चालू करून एकदा आडवा करून दाखवा. तर ते हसले. म्हणाले, बाळ, याला हिरवा स्टिकर आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्यालाही होता."

दुकानदाराने मग निमूटपणे तो आडवा केला म्हणे, आणि तो विझला.

मित्रांनो, तुम्हीही आमच्या पाठीवरच्या रंगावर जाऊ नका. घरी नेण्याआधी आम्हाला एकदा आडवं करायला लावा. आम्हाला राग येत नाही. मला कुणीतरी आडवं केलं असतं, तर बाई आज काजं करत बसली असती.