फ्रिजवरची भांडणं

मी माझ्या नवऱ्याची बायको आहे की नाही, हे ठरवायला बुधवारी सकाळी अकरा वाजता एक साहेब घरी येणार होते. नवा नियमच तसा होता. लग्नाचा दाखला आता पुरत नव्हता. आम्ही खरोखर एकत्र राहतो असं साहेबांना पटलं तर माझा इथे राहायचा परवाना वाढणार, नाहीतर तीस दिवसांत देश सोडायचा. ते पत्र वाचून माझं डोकंच फिरलं.

एकत्र राहायला मिळत नाही, हेच तर आमचं दुखणं. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसपाळीला, नवरा बेकरीत रात्रपाळीला. मी सकाळी दहाला बाहेर पडते, तो साडेदहाला येतो. तो रात्री नऊला जातो, मी साडेनऊला येते. माझी बस चुकली की जिन्यात भेट होते, त्यामुळे बस चुकल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खोली एक, पलंग एक, उशीही एकच. दोन डोकी एकाच वेळी टेकायची वेळ येते ती रविवारी, आणि रविवारी तो स्वतःचा हात उशाला घेतो.

बाकी बोलणं चिठ्ठ्यांवर. लाँड्रीत चादरींच्या प्रत्येक गाठोड्याला तारीख छापलेली पावती असते. गाठोडं सुटलं की ती कचऱ्यात जाते, त्यातली एक मी रोज घरी आणते. पाठीमागे मी लिहिते, खाली तो उत्तर देतो, आणि चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चिकटते. वर्षभरात दार दिसेनासं झालं होतं.

तळमजल्यावरच्या काकांना हे पसंत नव्हतं. गेल्या तीस वर्षांत त्यांनी लोकांचे इतके अर्ज भरलेत की अख्खी इमारत त्यांना कागदकाका म्हणते. मंगळवारी सकाळी ते आले आणि फ्रिजसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"सूनबाई, हे घर आहे की नोटीस बोर्ड? काढ सगळं. दुसरी उशी आण. लग्नाचा फोटो लाव. आणि दोघं उत्तरं पाठ करा, अगदी एकसारखी."

काका वाईट नाहीत. ते घाबरलेले आहेत, आणि त्यांची भीती मलाही लागली. मी चिठ्ठ्या पिशवीत कोंबल्या, पिशवी सिंकखाली ढकलली आणि फ्रिज घासून लख्ख केला. नवी उशी आणली, फोटो लावला आणि पाठ करायची उत्तरं कागदावर लिहून नवऱ्यासाठी ठेवली.

बुधवारी मी रजा घेतली. साहेब वेळेवर आले, बूट पुसून आत आले. इतके सभ्य, की मनातल्या मनातही शिव्या देता येईनात. आधी मला जिन्यात उभं करून नवऱ्याला विचारलं, मग त्याला जिन्यात पाठवून मला.

"तुमच्या नवऱ्याला चहा कसा लागतो?"

"साखर दोन चमचे, दूध कमी, आणि गरमागरम."

"त्यांनीही शब्दन् शब्द हेच सांगितलं," साहेब म्हणाले. हे काही कौतुक नव्हतं.

नवरा आत आला. साहेबांनी नवी उशी उचलली. तिच्या कोपऱ्याला दुकानाचं लेबल तसंच लोंबत होतं. मग त्यांनी लख्ख फ्रिज पाहिला, भिंतीवरचा ताजा खिळा पाहिला आणि वही उघडली.

"इथे दोन माणसं राहतात असं मला काही दिसत नाही."

नवऱ्याने हात जोडले. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, डोळे तांबारलेले, नखांत पीठ. तो म्हणाला, "साहेब, कृपा करा." आपल्याच घरात, आपल्याच बायकोसाठी त्याला भीक मागावी लागली, ते मला सहन झालं नाही. मी सिंकखालची पिशवी ओढली आणि पलंगावर उपडी केली.

"ही बघा माणसं! मागे छापलेल्या तारखा वाचा. अक्षरं दोन आहेत, तीही बघा."

"अगं, हळू," नवरा म्हणाला.

"हळू काय? वर्षभर हळूच बोलतोय आपण!"

साहेबांनी एक चिठ्ठी उचलली. "यात काय लिहिलंय?"

"मी लिहिलंय, मोजे परत गादीवर दिसले तर खिडकीतून फेकीन. खाली हा लिहितो, फेक, तेवढंच त्यांना फिरायला मिळेल."

"आणि ही?"

ती मी उजेडाकडे धरली. "तुला बघून पाच दिवस झाले. दाढी वाढवलीस का, कळव. खाली याचं उत्तर, वाढवली. तुला आवडणार नाही. रविवारी काढतो."

मी नवी उशी त्यांच्यासमोर धरली.

"ही खोटी आहे. काल आणली, तुमच्या भीतीने. आमची उशी एकच. इथल्या आजाऱ्यांच्या चादरी मी धुते, इथल्या लोकांचा पाव हा भाजतो. दोन उशा बघायच्या असतील तर आम्हाला एका वेळी झोपू देणारं काम द्या, आणि मग या तपासायला."

साहेबांनी वहीतली ओळ खोडली. दुसरी लिहिली, ती मला दिसली नाही. "निकाल पोस्टाने येईल. आत्ता काही सांगता येणार नाही. या चिठ्ठ्या फाइलला लावाव्या लागतील."

"फोटो काढा. चिठ्ठ्या माझ्या आहेत."

त्यांनी गुडघ्यावर बसून एकेकीचा फोटो काढला. त्याला पाऊण तास लागला. आम्ही दोघं पलंगाच्या कडेला बसून बघत होतो. कामाच्या दिवशी इतका वेळ शेजारी बसलो, ते त्या वर्षात पहिल्यांदाच.

ते गेल्यावर मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा दारावर लावल्या. उशी कागदकाकांना देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी कामाला निघताना नवी चिठ्ठी लिहिली, 'निकाल काहीही येवो, यापुढे कोणासाठी ह्या काढायच्या नाहीत.'

रात्री साडेनऊला घरी आले. खाली त्याने लिहिलं होतं, 'नाही काढायच्या. अजून एक दार लागेल.'

मोजे गादीवरच होते.