सैल झाल्याचा आरोप

मी कवळी बोलतेय. दचकू नका. इतकी वर्षं एका वकिलाच्या तोंडात काढल्यावर बोलायला शिकले नसते तरच नवल.

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत माझा जन्म झाला. वकीलसाहेबांच्या हिरड्यांचा साचा घेतला, त्यावरून मला घडवलं, घासूनपुसून गुलाबी केलं. पहिल्याच दिवशी "टोचते" म्हणून साहेबांनी मला टेबलावर आपटलं. पुढे जमलं आमचं. भल्याभल्या साक्षीदारांना आम्ही दोघांनी घाम फोडला. नाव अर्थात एकट्याचंच झालं.

निवृत्तीनंतर कोर्ट घरीच भरू लागलं आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कायम बाईसाहेब. त्या दुपारीही जेवणात मीठ कमी पडलं म्हणून साहेबांनी त्यांची साग्रसंगीत उलटतपासणी घेतली. मग पेपर उघडून बसले. जरा वेळाने त्यांनी काहीतरी मागितलं, तर तोंडातून शब्दांचा नुसता लगदा बाहेर आला. ओठांची उजवी बाजू ओघळली आणि मी घसरले.

घर हुशार! निदान तयारच होतं. मोबाइलवरची नजर न काढता मुलगा म्हणाला, "आई, बाबांची कवळी सैल झालीये."

झालं! मला उपटून धुतलं, पुन्हा बसवलं, पुन्हा उपटलं. शेवटी मुलाने दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"कवळी काढल्यावर नीट बोलतायत का?" त्यांनी विचारलं.

"नाही, तसंच."

"मग तिचा काय दोष? त्यांना हसायला सांगा."

"अहो, ते एरवीही हसत नाहीत."

"दोन्ही हात वर करायला सांगा मग!"

उजवा हात उठलाच नाही. मुलाचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "डॉक्टर, बीपीची गोळी देऊ? जरा पडू देऊ त्यांना?"

"काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. मेंदूचा झटका वाटतोय. आत्ता ॲम्ब्युलन्स बोलवा. स्कॅनची सोय असेल त्याच हॉस्पिटलात न्या."

बाईसाहेबांनी भरलेला पेला खाली ठेवला आणि मला मुठीत घट्ट धरलं. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

हॉस्पिटलात बोटाला टोचून साखर पाहिली. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलले?"

"सकाळी असेल," मुलगा पुटपुटला.

"सकाळी काय! जेवताना माझ्याशी भांडले की!" बाईसाहेब कडाडल्या. "अगदी खणखणीत. शब्द न् शब्द म्हणून दाखवू?"

"नको, वेळ तेवढी सांगा. सकाळ धरली असती तर इंजेक्शन द्यायला उशीर झाला म्हणून थांबावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन लगेच सुरू झालं. संसारातलं एक भांडण कारणी लागलं म्हणायचं.

मी बरेच दिवस डबीत कोरडी पडून होते. गिळता येतंय का, ते तपासून मगच मला परत तोंडात घेतलं. आता साहेब काठी घेऊन चालतात. रोज आरशासमोर एकेक अक्षर घोटतात. निम्मी अक्षरं माझ्यावरून घसरतात.

लोकहो, जीभ अचानक अडखळली तर मला खुशाल शिव्या द्या, पण आधी चेहरा बघा, हात उचलायला लावा आणि थेट हॉस्पिटलकडे पळा.

काल आरशासमोर साहेब एकदम म्हणाले, "अगं!" अगदी स्वच्छ.

"काय आहे आता?" स्वयंपाकघरातून सवयीने उत्तर आलं. मग काहीतरी खळकन पडलं आणि बाईसाहेब धावत आल्या. पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. त्या समोर बसून राहिल्या.