साळूबाईच्या चुलीचे दगड

आमी जिंतूरकडचे. दुष्काळात औरंगाबादला आलो अन् बांधकामावर वाचमन झालो. भिंती उभ्या राह्यल्या की आमचा संसार आत, रंग लागला की बाहेर. मालकाच्या आधी आमीच राहायचो, ऐटीत! अशी अकरा घरं झाली. निघताना माझी साळूबाई चुलीचे तीन दगड आधी उचलायची. म्हणायची, "बन्सीराव, दगड राह्यले तर मी बी हितंच राहीन."

अकरावं घर पुंडलिकनगरातलं, मुकुंदसाहेबांचं. स्वयंपाकघरात नळ बसला त्या दिशी साळूनं तो धा येळा सोडला, धा येळा बंद केला. त्याच घरात ती तापानं गेली. मयत गावाला नेलं. दगडाचं ध्यानातच राह्यलं नाय. पंधरा दिसांनी आलो तर मिस्त्रीनं दगड भरावात दाबून वर शहाबादी फरशी मारलेली.

वर्सानं उमाताई, साहेबांची बायको, मला हुडकत चिकलठाण्याच्या साइटवर आली.

"मामा, खरं सांगा. आमच्या स्वयंपाकघरात रोज उजाडताना कोणीतरी भाकरी थापतंय. आम्ही तर पोळ्या खातो हो!"

मी हसलो, अन् मग दगड आठवले. सगळं सांगितलं. संगंच तिच्या घरी गेलो.

साहेब म्हणले, "वास्तुशांत पुन्हा घालू. जाईल ती."

"घालवता कशाला साहेब, बायको हाय माझी. मी नेतो की. एक फरशी तेवढी उचलू द्या."

छिन्नी लावली. तिन्ही दगड निघाले, काजळीसकट. उमाताईनं हळदकुंकू वाह्यलं. पोतं खांद्यावर टाकलं अन् वाटंनं बोलत आलो, "चल साळू, लई दिस बसलीस लोकाच्या घरात."

साइटवर चूल मांडली. उजाडायच्या आधी कान लावून बसलो. काय नाय. आठ दिस काय नाय.

नवव्या दिशी उमाताई लुनावर आली. उतरली बी नाय.

"मामा, आवाज अजून येतोय. हे भटजींना बोलवा म्हणतात. काय करू?"

मला तो नळ आठवला.

"राहू द्या ताई," म्हणलो. "कुणाला बोलवू नका. आवाज आला की नळ तेवढा घडीभर सोडत जा."

"बरं मामा," म्हणली अन् लुना वळवली.

दगड माझ्यापाशीच हायेत. भाकर आता मीच थापतो, वाकडीतिकडी. पर हळू थापतो. मधीच हात थांबवून ऐकतो.