चाखणारीचा घोट

दारूचा थेंब माझ्या ओठाला कधी लागलेला नाही, आणि डॉक्टरीणबाई मला सांगत होत्या की माझं लिव्हर चरबीने भरलंय. मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. लिव्हर म्हटलं की लोकांना आधी बाटली आठवते. माझ्या धाकट्या भावाचं लिव्हर एका जुन्या काविळीने खाल्लं, त्यानेही आयुष्यात कधी घेतली नाही, तरी शेजारणी त्याच्या बायकोला विचारून जायच्या, "सुटली का त्यांची?"

या भावाला, म्हणजे आमच्या लंबूला, कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा हवा होता. घरात जुळत होती फक्त मी. मी त्याच दिवशी पोट कापून घ्यायला तयार होते. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या.

"चरबी चढलेल्या लिव्हरचा तुकडा त्याला नीट काम देणार नाही, आणि उरलेलं तुम्हालाही पुरणार नाही. पण ही चरबी उतरते. हिच्यावर मी गोळी देणार नाही. ताट बदला, रोज चाला. तीन महिन्यांनी बघू."

"आणि तोवर तो?"

"तोवर आम्ही त्याला सांभाळतो. त्याहून जास्त वेळ मात्र त्याच्याकडे नाही."

घरी येऊन मी तेलाची बरणी उचलून नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ही माझ्या नजरेआड ठेवा. चरबी म्हणजे तेल, असं माझं सरळ गणित. बिस्किटं गेली, तळलेलं गेलं, संध्याकाळी पायांचे तुकडे पडेपर्यंत चालणं आलं. नवरा बिचारा माझ्याबरोबर उकडलेली भाजी गिळायचा आणि छान झालीय म्हणायचा. इतकं धडधडीत खोटं तो लग्नाच्या बोलणीतही बोलला नव्हता.

निम्मी मुदत सरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मधली तपासणी केली. लिव्हरवरची चरबी जिथल्या तिथे.

बाहेर बाकावर भावजय बसली होती. माझं तोंड बघूनच तिने रुमाल डोळ्यांना लावला. "वन्सं, तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलंत," ती म्हणाली. मला तिचा असा संताप आला की काय सांगू. तिच्या आवाजात लंबू आधीच गेला होता.

"रुमाल ठेव खिशात," मी म्हटलं. "तो जिवंत आहे आणि मीही आहे."

आणि तशीच आत आहारतज्ज्ञाकडे गेले. हा चष्मेवाला गृहस्थ शांत डोक्याचा. माझं ओरडून झाल्यावर म्हणाला, "उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाता ते मागे सांगितलंत. आता काल काय काय घशाखाली गेलं ते सांगा."

मी सांगू लागले. सकाळी बिनसाखरेचा चहा, एक अंडं. मग कामावर. संत्र्याचा घाणा, त्यानंतर डाळिंबाचा, त्यानंतर...

मी सरबताच्या कारखान्यात चाखणारी आहे. फळांचा रस साखरेच्या पाकात शिजतो आणि प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी शिजलेला माल, आधी वाटीतून माझ्यापुढे येतो. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळे माझ्या गळ्याकडे बघतात. घोट उतरला की माल पास, बाटल्या सुरू. मी थुंकले की घाणा नापास, पट्टा बंद. दिवसभर हेच. मला कुणी कधी गोड खातेस का विचारलं तर मी छातीठोकपणे नाही म्हणायचे. ते खाणं कुठे होतं, ते काम होतं.

"गिळता?" त्याने विचारलं.

"गिळावंच लागतं."

"मग तेलाची बरणी परत आणा. थोडं तेल शरीराला हवंच. जास्तीची साखर लिव्हरमध्ये जाते आणि तिथे तिची चरबी होते. तुमच्या ताटात काही वावगं नाही. वाटीत आहे."

दुसऱ्या दिवशी डाळिंबाचा पहिला घाणा आला. मी तोंडात घेतला, घोळवला आणि बादलीत थुंकले. पट्टा थांबला. फोरमनचं तोंड उतरलं. माळ्यावरच्या काचेमागून मालक धावतच खाली आले.

"काय बिघडलं?"

"काही नाही. फक्कड झालाय. भरा."

"मग थुंकलीस कशाला?"

"माझं लिव्हर मला भावाला द्यायचंय. तुमच्या सरबताला नाही."

मालक लालबुंद झाले. "इथे गिळायची रीत आहे. चाखणारीच थुंकते म्हटल्यावर माझा माल कोण घेईल? गिळ, नाहीतर मी दुसरी बघतो."

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? ही नोकरी गेली तर या वयात मला दारात कोण उभं करणार होतं? पण डोळ्यांपुढे तो रुमाल आला.

"खुशाल बघा," मी म्हटलं. "चव जिभेला कळते, पोटाला नाही. पण ती दुसरी येईपर्यंत हा घाणा गार होईल, आणि गार माल बाटलीत आंबतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. भरायचा की ओतायचा?"

मालक टाकीतून निघणाऱ्या वाफेकडे बघत राहिले. वाफ विरळ होत होती. मी त्यांच्यासाठी थांबले नाही. सगळ्यांना दिसेल असा हात वर केला. फोरमनने एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे, आणि बटण दाबलं. बाटल्या खणखणत निघाल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे हात वर झाला की माल पास.

मुदत संपली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पडद्यावर माझं लिव्हर तपासलं. मग म्हणाल्या, "आता देता येईल." मी रडले. मोठ्याने, लाज सोडून रडले.

दोघांची ऑपरेशनं झाली. मी टाके सांभाळत लंबूच्या खोलीत गेले, तर मालक खुर्चीवर अवघडून बसलेले आणि उशाशी डाळिंबाच्या सरबताची बाटली. लंबूच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता आणि हात बाटलीकडे निघाला होता.

"हात मागे घे," मी म्हटलं.

"ताई, एक घोट. लिव्हर नवं आहे आता."

"नवं कसलं? माझं आहे ते," मी म्हटलं आणि बाटली मालकांच्या मांडीवर ठेवली. "प्यायचं असेल तर आधी मला विचारायचं."