तळघरातला हिरवा दिवा

म्हैसूरजवळच्या हिनकलमधल्या समाजभवनाच्या तळघरात त्या शुक्रवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, दारात माणसं, आणि मधोमध दवाखान्याच्या औषधांच्या फ्रिजसमोर रेशमी उपरण्यातले तरंगानंद स्वामी. फुकटचा चमत्कार म्हटला की आपल्या लोकांना आमंत्रण लागत नाही.

समाजाचा तो धर्मार्थ दवाखाना डॉक्टर वाणी चालवायची. ती भिंतीला टेकून उभी होती आणि मनातून धुमसत होती. गेल्या महिन्यात हाच फ्रिज बिघडला, आतलं इन्शुलिन गोठलं आणि पुन्हा वितळलं. असं इन्शुलिन दिसतं चांगलं, पण अंगात गेल्यावर काम करत नाही. तेच टोचून तिच्या सासूबाई, भवानीबाई, थेट आयसीयूत पोचल्या. मरता मरता वाचल्या.

फ्रिजवर तापमान कळवणारी पेटी होती की! सिम घातलेली, काही बिघडलं तर फोनवर संदेश पाठवणारी. पण ते सिम कमिटीनं कसं निवडलं? नंबराच्या आकड्यांची बेरीज नऊ येते म्हणून. आणि तपासलं कुठे? वर, स्टेजवर, पूजा करून, अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी. तिथे रेंज भरपूर. मग पेटी खाली तळघरात बसवली, जिथे त्या कंपनीची रेंज औषधालाही नाही. धन्य ती कमिटी.

आणि या अकलेवर उतारा म्हणून आणले स्वामी.

"टॉवर ईशान्येला, तुमचा फ्रिज आग्नेयेला," स्वामी डोळे मिटून म्हणाले. "तरंग वाटेत अडतात. ही माझी पेटी. आत तुमच्याच कंपनीचं सिम." त्यांनी पेटी चालू केली. लाल दिवा लागला, म्हणजे रेंज नाही. तिच्यावर तांब्याचं यंत्र ठेवून ते मंत्र पुटपुटू लागले. पुटपुटणं संपता संपता दिवा हिरवा झाला आणि कमिटीच्या फोनांवर टिंगटिंग संदेश आले. लोकांनी हात जोडले.

अध्यक्ष दत्तोजीराव, म्हणजे वाणीचे सासरे, गहिवरले. "आपल्या पेटीवरही यंत्र बसवा, स्वामी. उद्यापासून इन्शुलिन पुन्हा इथेच ठेवू."

"मामंजी, आधी यंत्र आपल्या पेटीवर ठेवून बघू," वाणी म्हणाली.

"वाणी, सुम्ने, गप्प राहा. मोठ्यांची परीक्षा घेऊ नये."

"परीक्षा घेणाऱ्याला फळ मिळत नाही," स्वामींनी री ओढली.

तेवढ्यात खुर्चीवरून भवानीबाई उठल्या. आजारपणानं त्या अर्ध्या झाल्या होत्या, आवाज मात्र शाबूत होता. "अय्यो, सुई कुणाच्या पोटात जाणार? माझ्या. मग परीक्षा मीच घेते."

त्यांनी यंत्र उचललं आणि दवाखान्याच्या पेटीवर ठेवलं. मंत्र झाला. दिवा लाल. पुन्हा मंत्र, या खेपेला वरच्या पट्टीत. दिवा लालच.

"राहुकाळ लागला," स्वामी घाम पुसत म्हणाले. "राहुकाळात तरंग झोपतात. तेवढा वेळ संदेश यायचा नाही."

"फ्रिजला राहुकाळ कळतो का?" भवानीबाईंनी विचारलं. "तो तेव्हाच बिघडला तर?"

म्हैसुरात राहुकाळात, त्या दीड तासाच्या अशुभ वेळी, कुणी घरचं कुलूप बदलत नाही. पण बायकोचं आयसीयूतलं तोंड दत्तोजीराव विसरले नव्हते.

वाणीनं स्वामींची पेटी बंद करून चालू केली. यंत्र नाही, मंत्र नाही, राहुकाळ चालू. दिवा लाल. लोक कुजबुजत राहिले, आणि जरा वेळानं दिवा आपसूक हिरवा झाला. कमिटीचे फोन पुन्हा टिंगटिंगले.

"उघडा ती," दत्तोजीराव म्हणाले. स्वामी पेटीवर झडप घालणार होते, पण जिन्यावरच्या चौघांनी त्यांना प्रेमानं बसवलं.

आतलं सिम भलतंच निघालं. "आपलं सिम एकाच कंपनीचा टॉवर धरतं," वाणीनं समजावलं. "हे खास अशा पेट्यांसाठी मिळतं. ज्या कंपनीची रेंज सापडेल तिला पकडतं, इथे तळघरात तुमच्या फोनांना मिळते तीही. शोधायला थोडा वेळ लागतो, आणि स्वामींचा मंत्र बरोबर तेवढाच लांब आहे."

"मग हेच सिम घेऊ," कुणीतरी म्हणालं. गाढवापुढे वाचली गीता, पुन्हा न तपासताच घ्यायची घाई.

"घेऊ, पण आधी इथेच, फ्रिजपाशी, दरवाजे लावून तपासू. आणि पेटीनं ठरल्या वेळी 'मी ठीक आहे' असं कळवत राहायचं. तो संदेश चुकला की धावत यायचं. गेल्या महिन्यात फोन गप्प होता, आणि आपण समजलो सगळं ठीक आहे."

स्वामी कधी सटकले कुणाला कळलं नाही. ईशान्येला गेले असतील.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकच करा. त्यातला मंत्र काढून टाका आणि काय उरतं ते बघा. दिवा तरीही लागला, तर मंत्र फुकट होता. नाही लागला, तर पुन्हा तपासा. यात देवाचा अपमान होत नाही. न तपासता मान डोलावली, तर मात्र कुणीतरी सुई टोचून घेतं, बरं वाटेल म्हणून वाट बघत पडून राहतं, आणि त्या सुईत औषधच नसतं.