उताराचा देश, पायऱ्यांचा देश

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. इतर खुर्च्यांवर माणसे बसून राहतात, माझ्यावर बसून ती जातात. निदान जावीत, म्हणून मला घडवले आहे.

एका पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा तयार झाला. त्यावर काळे रेक्झिन चढले. दोन मोठी चाके लागली, दोन छोटी. ज्या कारागिराने मला जोडले त्याने मला रिकामीच एक गिरकी दिली आणि म्हणाला, "पळेल." मीही ते खरे मानले.

पण मी पोहोचले तिसऱ्या मजल्यावर. घरात दोघीच होत्या, आई आणि ताई. ताईचे पाय लहानपणीच्या तापात गेले होते. ती रफूचे काम करायची. शालीला पडलेले भोक ती असे विणून काढायची की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून भोक शोधत बसे. हात सोन्याचे, पण खाली रस्त्यापर्यंत चोपन्न पायऱ्या, आणि लिफ्ट नाही. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही खाली उतरत असू. पहिल्या मजल्यावरचे कवायतीचे मास्तर तीन शेजारी गोळा करून आणत. "एक, दोन, उचल," म्हणत, की आम्ही दोघी हवेत. माणसे मायेची होती. कुणी कधी कां-कूं केली नाही. ताई नुसती खोकली तरी चार घरांतून चार काढे यायचे.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात येत नसे. ताईला लग्नाकार्याला नेत, भिंतीशी ठेवत, आणि आईला विचारत, "हिला पाणी हवंय का?"

आई म्हणायची, "तिलाच विचारा की. पाय गेलेत, जीभ नाही गेली."

ताईचा धाकटा भाऊ परदेशात नोकरीला होता. ताई अडतीस वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला बोलावून घेतले. हाताने रफू करणारे तिकडे शोधून सापडत नव्हते. एका नाटकघराच्या पोशाख विभागात तिला काम मिळाले. मीही तिच्याबरोबर गेले.

तिथला पहिला दिवस मी विसरणार नाही. प्रत्येक कोपऱ्यावर फुटपाथ उतरता केलेला. दुकानांना पायरी नाही. बस थांबली की उंट बसावा तशी एका अंगाला झुकायची. ड्रायव्हर खाली येऊन फळी टाकायचा आणि ताईलाच विचारायचा, कुठे जायचे आहे. त्या दिवशी ताईने एकाच चौकाला तीन फेऱ्या मारल्या. काम काहीच नव्हते. तळहाताला फोड आले तरी थांबेना.

दुसरी बाजू हळूहळू कळली. भाऊ-वहिनी सकाळी जात, दिवेलागणीला दमून येत. पोशाख विभागात जो तो आपल्या टेबलाशी मान खाली घालून बसलेला. शेजारच्या दाराचा हिरवा रंग मला पाठ झाला, पण दारामागचे माणूस कधी दिसले नाही. एकदा भाऊ-वहिनी बाहेरगावी असताना ताई दोन दिवस तापाने पडून होती. दार वाजले नाही. तिसऱ्या दिवशी ती माझा हात धरून कशीबशी बसती झाली आणि पुटपुटली, "दोन दिवस कुणाशी एक शब्द बोलले नाही गं."

हे ती मलाच सांगत होती. 

दोन वर्षांनी तिच्या परवान्याची मुदत संपत आली. भाऊ म्हणाला, "राहायचं की परत जायचं, ते तूच ठरव ताई. मी मध्ये बोलणार नाही."

ताईने एका कागदावर मधोमध रेघ ओढली. 'इथे' या शब्दाखाली तिने भराभर लिहिले: रस्ता, बस, काम, दवाखाना, कुणाला न सांगता बाहेर जाणे. 'तिथे' या शब्दाखाली फक्त 'आई' असे लिहिले आणि पेन तिथेच टेकवून बसली. शाईचा ठिपका पसरत गेला.

त्याच आठवड्यात बातमी आली. आई न्हाणीघरात घसरली होती, खुब्याचे हाड मोडले होते. ताईने बॅग काढली आणि फोन लावला.

"आई, मी येते."

"येऊन काय करशील?"

"तुझ्याजवळ बसेन."

"म्हणजे दोघी मिळून खिडकीतून रस्ता बघायचा. अगं, माझी लेक एकटी बसनं फिरते, हे मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. मला खोटं पाडू नकोस."

ताई पुष्कळ रडली. मग तिने बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात ठेवले.

पुढे नाटकघराने तिला विजेवर चालणारी खुर्ची दिली, आणि भाऊ मला आईकडे घेऊन आला. आठ दिवस राहून तो परतला.

मित्रांनो, आता मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आहे. मास्तर वारले. त्या तीन शेजाऱ्यांपैकी दोघे लेकांकडे राहायला गेले, तिसऱ्याची कंबर धरते. उचलणारे हात कमी झाले, पायऱ्या चोपन्नच राहिल्या. हाड जुळले, पण आईला चालता येत नाही. कामाला बाई येते, ती सकाळी दोन तास. सात महिन्यांत आई एकदाही खाली उतरलेली नाही.

रोज संध्याकाळी ताईचा फोन येतो.

"आज कुठे गेली होतीस?" आई विचारते.

"तळ्यापर्यंत जाऊन आले."

आई वाटेतले वळण न् वळण विचारून घेते. मग ताई विचारते, "तुझ्याकडे कोण आलं होतं?"

"खालची काकू. तासभर बसली होती. तोंड म्हणून मिटत नाही त्या बाईचं."

ताई हसते. फोन ठेवला जातो.

खालची काकू गेल्या सहा आठवड्यांत वर आलेली नाही. हे फक्त मला ठाऊक आहे. आणि ताई खरोखरच रोज तळ्यापर्यंत जाते का, हे आता मला कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, दोन्हींपैकी चांगला देश कोणता, असे मला विचारू नका. माझ्यासारखी खुर्ची दिसली तर ढकलण्याआधी त्यावर बसलेल्या माणसाला विचारा, कुठे जायचे आहे. तुमच्या दाराला पायरी असेल तर तिच्या शेजारी एक उतार करून घ्या. आणि तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी खिडकीशी बसून असेल, तर जिना चढून जा. आमच्याकडे आलात तर बेल वाजवायचीही गरज नाही. आई दिवसभर कडी लावत नाही. दार नुसते लोटलेले असते.