माझ्या गळ्यावरचं नाव

मी एक जुना हंडा आहे. तांब्याचा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा, एका अंगाला पोचा आलेला. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तूंनी गरीब गाईसारखं बोलायचं असतं म्हणे. ते मला जमणार नाही. ऐंशीच्या वर वर्षं मी तोंड उघडं ठेवून गप्प बसलो. आता स्पष्टच बोलतो.

माझा जन्म कल्याणच्या एका तांबटाकडे झाला. त्याने मला ठोक ठोक ठोकलं. राग आला, पण त्या ठोक्यांनीच अंगात बळ आलं. मग शहाडहून भगवान भोईर नावाचा शेतकरी आला. मला टिचकी मारून, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "पोरीच्या लग्नात द्यायचाय. नाव कोरा. माझं नको, तिचं."

शहाणा माणूस! तांबटाने माझ्या गळ्यावर टिंबाटिंबांनी कोरलं: 'तुळसा भगवान भोईर, शहाड, शके १८६०.'

तुळसा मला घेऊन ठाण्याच्या कोपरीत, तांडेलांच्या घरी नांदायला आली. लग्नात नवऱ्याने तांदळात बोट फिरवून तिचं नवं नाव लिहिलं, सरस्वती. झालं. अठरा वर्षं जिला तुळसा म्हणून हाका मारल्या, ती मुलगी मूठभर तांदळांत पुसली गेली. तिचं खरं नाव उरलं फक्त माझ्या गळ्यावर.

तेव्हा माझा काय रुबाब होता! विहिरीवर बायका म्हणायच्या, "सरस्वतीचा हंडा बघा, तोंड दिसतंय त्यात." तीसुद्धा मला राखेने घासून आधी स्वतःचंच तोंड बघायची. पण तिचा मुलगा दामाजी तीन वर्षांचा असताना ती तापाने गेली. घरात दुसरी आई आली, रमाबाई. गोष्टींतल्या सावत्र आया दुष्ट असतात. ही नव्हती. तिने दामाजीला पोटाशी धरलं. म्हणूनच तिच्यासमोर पहिलीचा विषय कोणी काढेना आणि शहाडचं येणंजाणं तुटलं. मला आंघोळीच्या पाण्यासाठी चुलीवर चढवलं. काजळी चढत गेली, नाव बुडालं.

पुढे घराच्या जागी बिल्डिंग उभी राहिली, गिझर आला आणि मी गॅलरीत गेलो. माझ्यात छत्र्या ठेवल्या, कांदे ठेवले, एकदा मनीप्लांटही लावला. तो मेला. बरं झालं.

आता यंदाची गोष्ट. बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली. नवी होईपर्यंत तांडेलांनी डोंबिवलीत भाड्याने फ्लॅट घेतला. दामाजी आता चौऱ्याऐंशींचे आजोबा. त्यांचा मुलगा भावेश टेम्पो चालवतो. सून विनिता घर चालवते. नात प्राप्ती नुकतीच नोकरीला लागली आहे. मे महिना होता. बिल्डिंगमधली पोरं बॅगा घेऊन मामाच्या गावी निघाली होती. आजोबा गॅलरीत माझ्याशेजारी बसून बघत होते.

"मला मामाचं गावच नाही," ते प्राप्तीला म्हणाले. "आईचं नाव सरस्वती, एवढंच ठाऊक. माहेर कुठलं ते लहानपणी विचारलं नाही, रमाआईला वाईट वाटेल म्हणून. नंतर विचारावं तर सांगणारे गेले."

"मी शोधते," प्राप्ती म्हणाली.

आणि मी इथे गळ्यावर पत्ता घेऊन बसलेलो!

पोरीने नेटाने सुरुवात केली. मोठा कागद भिंतीला लावला. सगळ्यात खाली स्वतःचं नाव, वर आईबाबांचं, त्याच्या वर आजीआजोबांचं. माहीत आहे ते आधी, ऐकीव आहे ते पेन्सिलने. आजोबांना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड केलं. शाळा सोडल्याचे दाखले काढले, जमिनीचे कागद काढले, ठाण्याच्या कचेरीत चार खेपा घातल्या. पंधरा दिवसांत सात पिढ्या उभ्या राहिल्या.

भावेशने छाती फुगवली. "बघ, तांडेलांच्या सात पिढ्या!"

"सात पिढ्या नुसते बाप्येच जन्माला आले का, पप्पा? यांना जन्म दिला कोणी, खाडीने?"

भावेशची छाती जागेवर आली. आजोबांच्या आईपुढे कागदावर एकच शब्द होता, सरस्वती, आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह. कुठल्याच कचेरीत तिचं माहेर सापडलं नाही. सापडणार कसं? आमच्याकडे जमिनीच्या कागदावर बांध असतो, विहीर असते, आंब्याचं झाड असतं. बाई नसते!

त्यात विनिताने माझा निकाल लावला. "डोंबिवलीच्या किचनमध्ये मीच कशीबशी मावेन. रविवारी भांडीवाला येईल, हंडा मोडीत द्या." मोडीत, म्हणजे मला वितळवणार. माझ्याबरोबर तुळसाही वितळणार.

शनिवारी तिने मला मोरीत घेतलं. "असा काळाकुट्ट दिला तर तो नाक मुरडेल," म्हणत चिंच आणि मीठ लावून घासायला बसली. देव तिचं भलं करो! अर्ध्या तासाने ती ओरडली, "अगं प्राप्ती, इथे काहीतरी लिहिलंय!"

सगळे मोरीत जमले. भावेशने बॅटरी मारून वाचलं, "तुळसा भगवान भोईर, शहाड... अठराशे साठ! अरे, दीडशे वर्षांच्या वरचा माल आहे! म्युझियमवाले दारात लाइन लावतील."

आजोबांचा चेहरा पडला. "दीडशे वर्षं? मग ही माझी आई कशी असेल? आणि आईचं नाव सरस्वती. ही तुळसा कोणीतरी दुसरीच. आजाने हंडा जुना घेतला असणार."

"मग द्या मोडीत," भावेश म्हणाला. "नाहीतर म्युझियमला."

मित्रांनो, त्या क्षणी मी इतका ओरडलो, इतका ओरडलो! पण हंड्याला आवाज कुठला? कोणी वाजवलं तरच.

वाजवलं विनिताने. घासता घासता तिचा हात थांबला आणि धरलेली कडी सुटून माझ्यावर आपटली. ती उठली, स्वयंपाकघरातून स्टीलचा पिठाचा डबा घेऊन आली आणि उलटा करून सगळ्यांसमोर धरला.

"वाचा," ती भावेशला म्हणाली.

"करिश्मा... अठ्ठ्याण्णव."

"कोण ही करिश्मा?"

भावेश डोकं खाजवू लागला. "तूच की. लग्नाआधीची."

"आठवलं का? तुम्हीच तांदळात विनिता लिहिलंत. माझ्या आईने दिलेल्या भांड्यांवर करिश्माच आहे. भांड्यावर माहेरचं नाव असतं, अहो!"

प्राप्ती हळूच म्हणाली, "आई, मी कागदावर तुलापण विनिताच लिहिलंय. मला हे माहीतच नव्हतं."

"कोणी विचारलंच नाही," विनिता म्हणाली आणि पुन्हा चिंच घेऊन बसली. आकड्यांआधीची काजळी निघाली आणि 'शके' उमटलं.

"शके!" प्राप्तीने उडीच मारली. "पप्पा, शकेत अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. एकोणीसशे अडतीस! आजोबांच्या जन्माआधी तीन वर्षं!"

आजोबांनी माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं. "तुळसा," ते म्हणाले. ते नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आईचं म्हणून उच्चारलं.

रविवारी भांडीवाला आला आणि हात हलवत गेला. मी टेम्पोत होतो, पुढच्या सीटवर, आजोबांच्या मांडीवर.

शहाडला उल्हास नदीच्या अंगाला जुनी घरं आहेत. प्राप्तीने एका ओट्यावर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला विचारलं, "काका, भगवान भोईरांचं घर कुठलं?"

"मीच भगवान भोईर."

भावेश पुटपुटला, "म्हणजे वय दीडशेच निघालं याचं!"

"आजाचं नाव ठेवलंय मला," तो म्हातारा म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली. तो उठला, घरात गेला आणि एक घागर घेऊन आला. तसाच घाट, तशीच टिंबं, त्याच तांबटाचा हात. माझी बहीण! "आजाने दोन भांडी घेतलेली. एक घराला, एक तुळसाआत्याला. आत्या कोपरीला दिलेली, लहान पोर ठेवून गेली..." त्याने आजोबांकडे नीट पाहिलं. "आरं, तू तं माझे आत्याचा पोर! येवरा उशीर?"

"पत्ता सापडत नव्हता रे," आजोबा म्हणाले, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने हसू लागले. डोळे पुसायला मात्र एकच पंचा होता.

चहा झाला, भाकरी झाली, सुकट झाली. ऊन उतरल्यावर भावेश म्हणाला, "बाबा, निघू या."

"कुठे? मे महिना चालू आहे," आजोबा ओट्यावर मांडी ठोकून म्हणाले. "मामाच्या गावाहून दोन तासांत परत कोण जातं? मी राहणार."

राहिले. चांगले आठ दिवस. मीही राहिलो.

आता मी डोंबिवलीत आहे. विनिताने मला किचनमध्ये जागा केली. जागा कधी नसतेच, मित्रांनो, ती करावी लागते. भिंतीवर प्राप्तीचा कागद आहे. त्यावर आता तुळसा आहे, करिश्मा आहे, आणि रमाबाईसुद्धा आहे.

तुम्हालाही तुमच्या घराण्याचं झाड काढायचं असेल तर कचेरीत नंतर जा. आधी स्वयंपाकघरात जा. भांडी उलटी करा, काजळी घासा, मोडीत देण्याआधी वाचा. आणि नुसते बाप्ये लिहून झाड पुरं झालं असं मला सांगू नका, मी पोचा आलेला असलो तरी मूर्ख नाही.

सगळ्यात आधी आईला विचारा, तुझं आधीचं नाव काय? उत्तर द्यायला ती जरा वेळ घेईल. थांबा. ती एवढी वर्षं थांबली आहे.